छिद्र कुठे पाडायचे? बंद सायनस उघडणाऱ्या साधनांचा इतिहास

"मला सायनस आहे" असे आपण सर्रास म्हणतो. वास्तविक सायनस प्रत्येकालाच असतात. नाकाभोवतीच्या हाडांमध्ये हवेने भरलेल्या ज्या पोकळ्या असतात त्यांनाच सायनस म्हणतात. गालाच्या हाडात मॅक्झिलरी, कपाळात फ्रंटल, दोन डोळ्यांच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखा अनेक खणांचा इथमॉइड, आणि सर्वांत मागे कवटीच्या तळाशी स्फिनॉइड. त्रास सुरू होतो तो या पोकळ्यांची नाकात उघडणारी तोंडे बंद झाल्यावर. आत तयार होणारा शेंबूड आतच साठतो, त्यात जंतू वाढतात, आणि मग गाल ठणकणे, नाक चोंदणे, वास न येणे हा सगळा प्रकार ओघाने येतो.

ही बंद तोंडे उघडण्यासाठी गेल्या साडेतीनशे वर्षांत कोणकोणती साधने वापरली गेली ते या पाठात आपण पाहणार आहोत. तुम्ही वैद्यकाचे विद्यार्थी नसलात तरी हरकत नाही. किंबहुना हा पाठ मुख्यतः तुमच्यासाठीच आहे, कारण यात औषधापेक्षा अवजारांच्या वागणुकीचा भाग जास्त आहे.

शरीररचनेतली एक गोष्ट मात्र आधी लक्षात घ्यावी लागेल. प्रौढ माणसाच्या गालातल्या सायनसमध्ये साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे मोठा चमचाभर द्रव मावेल एवढी जागा असते. त्याचे नैसर्गिक छिद्र जेमतेम काही मिलिमीटरचे, आणि तेही तळाशी नसून वर, छताजवळ. मोरीचे भोक भिंतीच्या वरच्या टोकाला ठेवलेल्या न्हाणीघराची कल्पना करा. अशा न्हाणीघरात पाणी तुंबले तर तुम्ही काय कराल? सरळ तळाशी एक भोक पाडाल. सायनसच्या बाबतीत शस्त्रवैद्यांनी शतकानुशतके नेमके हेच केले. पुढे वाचताना हा एकच प्रश्न जवळ ठेवा: छिद्र कुठे पाडले, आणि तिथेच का?

दाताच्या खाचेतून

गालातल्या पोकळीची चित्रे लिओनार्दो दा विंचीने १४८९ च्या सुमारास काढली होती, पण ती त्याच्या वह्यांतच राहिली. वैद्यकाला ही पोकळी ठाऊक झाली ती नॅथनिएल हायमोर या इंग्रज वैद्याच्या १६५१ च्या ग्रंथामुळे. त्यामुळेच पुढे कितीतरी काळ तिला हायमोरची गुहा म्हणत. या ग्रंथात त्याने आपल्या एका रुग्ण बाईची हकीकत दिली आहे. तिचा वरचा सुळा काढला, तेव्हा मुळाशी असलेले पातळ हाडही निघाले आणि त्या खाचेतून सतत स्राव येऊ लागला. भोक किती खोल आहे हे पाहण्यासाठी बाईने त्यात चांदीची सळई घातली, ती डोळ्याच्या दिशेने आत गेली. मग पिसाची काडी तासून घातली, तीही आत जातच राहिली. आता ती मेंदूला लागणार या भीतीने बाई हायमोरकडे आली. तिची समजूत काढताना त्याने तिथे मुळात एक पोकळी असते हे स्पष्ट केले.

या गोष्टीत सायनसमध्ये गेलेले पहिले "साधन" एका घाबरलेल्या रुग्णाने घरच्या घरी वापरले, हे मला फार बोलके वाटते. पण तिच्या त्या खाचेने पुढच्या वैद्यांना वाट दाखवली. १८ व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचा विल्यम काउपर पू काढण्यासाठी वरची दाढ मुद्दाम उपटून तिच्या खाचेतून गालाची पोकळी उघडत असे. त्याची ही पद्धत जेम्स ड्रेकच्या १७०७ च्या ग्रंथात आली आहे. दाढांची मुळे सायनसच्या तळाला अगदी लागून असतात, तेव्हा ही वाट सर्वांत जवळची. शिवाय ती तळाशी, म्हणजे पाणी आपोआप खाली उतरणार. ना भूल, ना उजेड, ना जंतूंची कल्पना, अशा काळात याहून शहाणा मार्ग कोणी सुचवला असता असे वाटत नाही.

ट्रोकार आणि छिन्नी

१९ व्या शतकाच्या उत्तरार्धात बधिरता आणणारे कोकेन आले, निर्जंतुक शस्त्रक्रिया आली, आणि व्हिएन्नाच्या एमिल झुकरकांडलने १८८२ मध्ये नाकाच्या पोकळीची सविस्तर शरीररचना छापली. त्यानंतर वाट दातातून नाकात सरकली. मिकुलिच या शस्त्रवैद्याने १८८० च्या दशकात नाकाच्या खालच्या बाजूने, पातळ हाड फोडून, गालाच्या सायनसमध्ये शिरण्याची रीत मांडली. लिश्टवित्झने त्यासाठी ट्रोकार वापरला. ट्रोकार म्हणजे पोकळ नळीत बसवलेली टोकदार सळई. टोक आत घुसले की सळई काढून घ्यायची, नळी राहू द्यायची आणि तिच्यातून कोमट सलाईन सोडून सायनस धुवायचा.

भारतात वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तुमच्या मित्रमैत्रिणींना विचारून पाहा. कान-नाक-घशाच्या तोंडी परीक्षेत टेबलावर मांडलेल्या अवजारांत टिली-लिश्टवित्झ ट्रोकार आणि रबरी हिगिन्सन पिचकारी असते, आणि त्यांचे उपयोग सांगावे लागतात. प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृहात ही जोडी आता क्वचितच हातात घेतली जाते. अवजार वापरातून जाते, पण परीक्षेतून इतक्या सहजी जात नाही.

धुऊन भागत नसे तेव्हा छिन्नी हातात येई. न्यूयॉर्कचे जॉर्ज कॉल्डवेल (१८९३) आणि पॅरिसचे आंरी लुक (१८९७) यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच शस्त्रक्रिया वर्णन केली. वरचा ओठ उचलून हिरडीच्या वर छेद घ्यायचा, गालाच्या हाडाची पुढची भिंत फोडायची, सायनसचे सुजलेले अस्तर पूर्ण खरवडून काढायचे आणि नाकाच्या खालच्या बाजूला निचऱ्यासाठी एक मोठी खिडकी करायची. कॉल्डवेल-लुक नावाची ही शस्त्रक्रिया जवळजवळ ८० वर्षे सगळीकडे प्रमाण मानली गेली. नंतर गाल सुजे, काहींच्या गालाची आणि वरच्या ओठाची संवेदना जाई. तरी अनेकांना गुण येई. काहींना मात्र खिडकी सताड उघडी असूनही पुन्हा पू होई, आणि असे का होते ते कोणाला नीट सांगता येत नसे.

कपाळाच्या सायनसची कथा याहून कठोर आहे. तिथून नाकात उतरणारी वाट अरुंद आणि नागमोडी. काही शस्त्रवैद्य पुढचे हाडच काढून टाकत, आणि रुग्णाच्या कपाळाला कायमची खोक पडे. वाट रुंद केली तरी ती जखम भरताना पुन्हा आवळे. म्हणून शिकागोच्या इंगल्स यांनी १९०५ मध्ये तिथे सोन्याची छोटी नळी बसवण्याचा उपाय सांगितला. सोने कशासाठी? ते शरीरात गंजत नाही. ही सोन्याची नळी लक्षात ठेवा, शंभर वर्षांनी ती वेगळ्या रूपात परत येणार आहे.

इथमॉइडच्या वाटेला तर जाणकारही बिचकत. त्याची एक भिंत डोळ्याच्या खोबणीची, छत मेंदूच्या खालचे, आणि दोन्ही ठिकाणी हाड कागदासारखे पातळ. हार्वर्डचे हॅरिस मोशर यांनी १९१२ मध्ये नाकावाटे इथमॉइड मोकळे करण्याची पद्धत तपशीलवार मांडली, आणि त्याच मोशर यांनी पुढे १९२९ मध्ये बजावले की रुग्णाचा जीव घेण्याचा हा फार सोपा मार्ग आहे. आपलीच शस्त्रक्रिया इतक्या स्पष्ट शब्दांत धोक्याची ठरवणारा माणूस विरळा. कारण उघड होते. कपाळावरच्या आरशाने परावर्तित केलेला उजेड नाकाच्या तोंडापर्यंत पोचे, पुढे सगळे अंदाजाने.

उजेड आत कसा गेला

फिलिप बोझिनीने १८०६ मध्ये मेणबत्ती आणि आरसा बसवलेले एक यंत्र शरीराच्या पोकळ्यांत डोकावण्यासाठी केले होते. माक्स निट्झेने १८७० च्या दशकाच्या अखेरीस मूत्राशय पाहण्याची दुर्बीण घडवली. बर्लिनच्या आल्फ्रेड हिर्शमान यांनी १९०१ च्या सुमारास तीच दुर्बीण बारीक करून दाताच्या खाचेतून गालाच्या सायनसमध्ये घातली. म्हणजे काउपरचीच वाट, फक्त आता डोळे उघडे ठेवून. पण चित्र अंधूक दिसे आणि दुर्बीण मागे पडली.

ती खऱ्या अर्थाने परत आणली हॅरल्ड हॉपकिन्स या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने. जुन्या दुर्बिणीत लांब नळीभर हवा आणि मध्ये मध्ये छोटी भिंगे असत. हॉपकिन्सने ते उलटे केले: नळीभर काचेचे दांडे, आणि मध्ये हवेच्या पातळ फटी ज्या भिंगांचे काम करतील. एवढ्या अदलाबदलीने कितीतरी पट जास्त उजेड डोळ्यापर्यंत आला आणि दुर्बीण चार मिलिमीटर इतकी बारीक करता आली. १९५९ मध्ये त्याने यासाठी पेटंटचा अर्ज केला, पण उत्पादकांनी रस दाखवला नाही. अखेर १९६० च्या दशकात जर्मनीच्या टुटलिंगेन गावातील कार्ल श्टोर्झ यांनी ती बनवायला घेतली.

दुर्बिणीच्या टोकाशी उजेड नेण्याचे काम काचेच्या तंतूंनी केले. त्या तंतूंच्या इतिहासात मोग्यात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांचे नाव येते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ते याच हॉपकिन्स यांचे विद्यार्थी होते आणि तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवण्याचा दोघांचा शोधनिबंध जानेवारी १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. दिवा शरीराबाहेर, उष्णता बाहेर, आत फक्त थंड उजेड.

ग्रात्सची गोष्ट

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. सायनसच्या अस्तरावर सिलिया नावाचे अतिसूक्ष्म केस असतात. ते सतत एका दिशेने हलत राहतात आणि शेंबडाचा पातळ थर पुढे ढकलत नेतात. अमेरिकेत अँडरसन हिल्डिंग यांनी १९३० च्या दशकात या प्रवाहाचा अभ्यास केला होता. ऑस्ट्रियातील ग्रात्स शहरात वाल्टर मेसरक्लिंगर यांनी तो फार पुढे नेला. मृत्यूनंतरही काही तास सिलिया हलत राहतात, याचा फायदा घेऊन त्यांनी उघडलेल्या सायनसमध्ये शेंबूड कुठून कुठे जातो याचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले.

त्यांना दिसले ते असे. शेंबूड तळातून निघून भिंतींवरून, गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध, वर चढतो आणि छताजवळच्या नैसर्गिक छिद्राकडेच जातो. तळाशी तुम्ही कितीही मोठी खिडकी करा, तो तिला वळसा घालून वरच जातो. कॉल्डवेल-लुकनंतरही काहींना पुन्हा पू का होई याचा उलगडा इथे झाला. मूळचे छिद्र तसेच बंद राहिले होते, आणि शेंबूड वाहून नेणारे अस्तर तर शस्त्रवैद्याने स्वतःच खरवडून टाकले होते. न्हाणीघराची आपली उपमाही इथे मोडते. या न्हाणीघरातले पाणी उताराने वाहत नाही, तर कोणीतरी सतत झाडूने मोरीकडे लोटत असते.

मेसरक्लिंगर यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. गालाचा आणि कपाळाचा सायनस इथमॉइडच्या पुढच्या भागातील एकाच अरुंद गल्लीत उघडतात. ती गल्ली सुजली की दोन्ही तुंबतात. म्हणजे दुखते गालात, पण कारण नाकाच्या आत, दोन-तीन सेंटिमीटर पलीकडे. तेवढी गल्ली दुर्बिणीखाली मोकळी केली तर मोठे सायनस न खरवडता आपोआप बरे होऊ शकतात. त्यांचे पुस्तक १९७८ मध्ये इंग्रजीत आले. त्यांचे शिष्य हाइन्झ श्टामबर्गर आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डेव्हिड केनेडी यांनी १९८५ नंतर ही पद्धत जगभर पोचवली. केनेडी यांनी तिला "फंक्शनल" हे विशेषण दिले, म्हणजे अवयवाचे कार्य परत मिळवून देणारी. १९७१ मध्ये प्रथम रुग्णावर वापरलेले सीटी स्कॅन तोवर इतके सुधारले होते की ती गल्ली शस्त्रक्रियेआधीच पाहता येऊ लागली.

पुढे १९९० च्या दशकात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतले फिरते, शोषून घेणारे पाते नाकात आले. त्याला मायक्रोडिब्रायडर म्हणतात. आधीचे चिमटे ऊती ओढून फाडत. हे पाते फक्त आत ओढलेला तुकडा कापते. आजची सायनसची शस्त्रक्रिया बहुतांशी दुर्बीण, सीटी आणि हे पाते यांवर चालते.

फुगा

आन्द्रेयास ग्रुंटझिग या डॉक्टरांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये हृदयाची आवळलेली धमनी फुग्याने रुंद केली. सुरुवातीचे फुगे त्यांनी घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर चिकटवून बनवले होते. तीच कल्पना २००४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ॲक्लॅरंट या कंपनीने नाकात आणली. बारीक तार नैसर्गिक छिद्रातून सायनसमध्ये सरकवायची, तिच्यावरून रिकामा फुगा न्यायचा, त्यात द्रव भरून हवेच्या दाबाच्या आठ-दहा पट दाबाने तो काही सेकंद फुगवायचा. छिद्राभोवतीचे पातळ हाड बारीक तडकून बाजूला सरकते, अस्तर बहुतेक शाबूत राहते. कापणे नाही, रक्तस्राव कमी, आणि पुढे पुढे तर फक्त जागा बधिर करून दवाखान्याच्या खुर्चीतच हे करता येऊ लागले.

मेसरक्लिंगर यांच्या कसोटीवर ही कल्पना उत्तम उतरते. छिद्र योग्य जागी आहे आणि अस्तर वाचते. पण तिची मर्यादाही त्याच शरीररचनेत आहे. इथमॉइड म्हणजे अनेक खणांचे पोळे. त्याला फुगवण्यासारखे एक तोंडच नाही. नाकातले पॉलिप फुग्याने निघत नाहीत.

आता तारखांकडे लक्ष द्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये विक्रीला मोकळीक दिली. रुग्णांवरील पहिला अहवाल २००६ मध्ये छापला गेला. त्यात १० रुग्ण होते. जानेवारी २०१० मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने ही कंपनी सुमारे ७८.५ कोटी डॉलरला घेतली. २०११ मध्ये विम्याच्या देयकांसाठी फुग्याला स्वतंत्र संकेतांक मिळाले. त्याच वर्षी कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याला फक्त एक छोटी यादृच्छिक चाचणी सापडली आणि तिच्यावरून फुगा सरस ठरत नव्हता. मर्यादित आजारात फुगा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेइतकाच गुण देतो हे दाखवणारी ९२ रुग्णांची चाचणी आली ती २०१३ मध्ये, तीही फुगे विकणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीच्या पैशावर. फुगा वाईट होता असे मी म्हणत नाही. क्रम मात्र पाहा: आधी परवानगी, मग विक्री, मग कोट्यवधींची खरेदी, आणि पुरावा सर्वांत शेवटी.

या कंपनीच्याच दुसऱ्या एका साधनाची गोष्ट न्यायालयात गेली. सायनसमध्ये काही दिवस ठेवायच्या त्या सच्छिद्र पिशवीला २००६ मध्ये सलाईन भरून छिद्र उघडे राखण्यासाठी परवानगी मिळाली होती. सरकारचे म्हणणे असे की, ते मुळात स्टेरॉइड औषध सोडण्यासाठीच घडवले होते आणि परवानगी नसताना तसेच खपवले गेले. तुमच्यापैकी कायदा शिकणाऱ्यांनी इथला फरक नोंदवावा: डॉक्टर आपल्या जबाबदारीवर साधनाचा वेगळा उपयोग करू शकतात, पण उत्पादकाने त्यासाठी ते विकायचे नसते. २०१६ मध्ये कंपनीने १.८ कोटी डॉलर देऊन दिवाणी दावा मिटवला. त्याच वर्षी बोस्टनच्या ज्यूरीने कंपनीच्या दोन माजी उच्चाधिकाऱ्यांना १० किरकोळ स्वरूपाच्या आरोपांत दोषी धरले आणि फसवणुकीच्या १४ गंभीर आरोपांतून सोडले. दरम्यान, रीतसर परवानगी घेऊन स्टेरॉइड सोडणारी, आपोआप विरघळणारी जाळी २०११ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने आणलीच. इंगल्स यांच्या सोन्याच्या नळीची ही पणती.

फुग्याचा खरा परिणाम वेगळ्या ठिकाणी झाला असे माझे मत आहे. शस्त्रक्रिया जड होती तेव्हा ती कोणाला करायची याचा विचार डॉक्टर दहा वेळा करत. साधन सोपे झाले, खुर्चीत होऊ लागले, आणि रुग्ण या शब्दाची व्याप्तीच वाढली. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेला २०१८ मध्ये लेखी सांगावे लागले की नाकाची लक्षणे आणि सीटीवर दिसणारा आजार, दोन्ही असल्याशिवाय फुगा वापरू नये. हे सांगावे लागले यातच सारे आले. ७८.५ कोटींची ती कंपनी २०२४ मध्ये पुन्हा विकली गेली तेव्हा किंमत २७.५ कोटी डॉलर होती.

उलट बाजूही आपण नुकतीच पाहिली. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर देशात म्युकरमायकोसिसचे ४० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, सर्वाधिक महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये. या बुरशीत छिद्र रुंद करून काहीच साधत नाही. मेलेली ऊती आणि हाड काढावेच लागते. महिनोन्महिने आपल्याकडचे शस्त्रवैद्य दुर्बिणीखाली सायनस साफ करत होते, आणि दुर्बीण पुरली नाही तिथे कॉल्डवेल-लुकच्याच वाटेने, ओठाखालून, गालाचे आणि टाळूचे हाड काढत होते. मोडीत निघालेली म्हणून शिकवलेली वाट कामी आली.

आता सुरुवातीच्या त्या वाक्याकडे परत जाऊ. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपली डोकेदुखी सायनसची आहे असे स्वतः ठरवलेल्या किंवा डॉक्टरांनी तसे सांगितलेल्या २,९९१ लोकांना तपासले गेले. त्यांतील ८८ टक्के लोकांची लक्षणे मायग्रेनच्या व्याख्येत बसत होती. या लोकांच्या बाबतीत छिद्र कुठे पाडायचे हा प्रश्नच उद्भवत नाही.